गॅमा स्टर्लिंग: २२५ वॉटच्या जागी ४५ वॉट, हीटरच्या नळ्या वाढवू का?

बंदचक्र

स्टर्लिंग इंजिन आहे, म्हणजे आत कोंडलेला गॅस बाहेरून तापवून आणि थंड करून चालणारं. मांडणी गॅमा: डिस्प्लेसर (गॅस गरम-थंड बाजूंत ढकलणारा दट्ट्या) आणि पॉवर पिस्टन वेगळ्या सिलिंडरांत. आत नायट्रोजन. बील क्रमांकाने (दाब, आकारमान आणि वेग यांवरून शक्तीचा अंदाज देणारा गुणक) ठोकताळा काढला तर ०.०१५ × १० बार × १०० सीसी × १५ हर्ट्झ, म्हणजे २२५ वॉट येतात. रोप ब्रेकवर (चाकावर दोर घासून शक्ती मोजण्याची सोय) मिळतात ४५. बील क्रमांक चांगल्या जमलेल्या इंजिनांवरून काढलेला आहे आणि नायट्रोजनवर तो पूर्ण गाठता येत नाही, हे मान्य. पण शंभर-सव्वाशे तरी यायला हवेत.

मापं: डिस्प्लेसरचा स्वेप्ट व्हॉल्यूम (एका धावेत सरकणारं आकारमान) १०० सीसी, पॉवर पिस्टनचाही १००, फेज ९० अंश, सरासरी दाब १० बार, ९०० आरपीएम.

हीटर: ३१० स्टेनलेसच्या १० नळ्या, आतला व्यास ६ मिमी, बाहेरचा ८, लांबी ३०० मिमी, सगळी ज्योतीत.
रीजनरेटर (जाता-येता गॅसची उष्णता साठवून परत देणारा भाग): वेगळा डबा, आतून ६० मिमी व्यास, ४० मिमी लांब, भिंत ३ मिमी. आत ९० ग्रॅम स्टील वूल.
कूलर: तांब्याच्या ४० नळ्या, आतला व्यास ४ मिमी, लांबी १२० मिमी, बाहेरून पाणी.

चालू इंजिनाच्या नोंदी: हीटर नळीची भिंत ६५० अंश सेल्सिअस, गरम बाजूच्या जागेत गॅस सरासरी ५७०, थंड बाजूला साधारण १००. पाणी मिनिटाला २ लिटर, आत येताना ३० अंश, बाहेर जाताना ३७.

भिंत आणि गॅस यांच्यात ८० अंशांचा फरक पडतोय, म्हणजे हीटरचं क्षेत्रफळ अपुरं आहे असं वाटतं. नळ्या १० वरून १६ करायचा विचार आहे. थंड बाजू १०० अंशांवर आहे, तेव्हा कूलरही वाढवावा लागेल. बरोबर दिशेने चाललोय का?

ज्योत_निळी

८० अंश म्हणजे बरेच झाले. १६ नळ्या करा, त्याआधी ज्योत सगळ्या नळ्यांवर सारखी पडते का ते बघा. एकाच नळीवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असेल तर ६५० हा आकडा फक्त त्या नळीचा. बर्नरकडची रांग ७०० आणि मागची ५५० असं सर्रास असतं. मागच्या रांगेच्या बाहेरून पंख लावले की ती भरपाई होते. शिवाय थर्मोकपलचं टोक ज्योतीकडे उघडं असेल तर ते भिंतीपेक्षा ज्योतीचंच तापमान जास्त सांगतं. नळीच्या सावलीच्या बाजूला वेल्ड करून वर पत्र्याचा तुकडा झाका.

जाळीकाम

थर्मोकपलबद्दलचं बरोबर आहे, ते कराच. पण १६ नळ्या करू नका. आकडे मांडून बघा.

गरम बाजूला १० बार आणि ५७० अंशांना नायट्रोजनची घनता ४ किलो प्रति घनमीटर. डिस्प्लेसर प्रत्येक अर्ध्या फेरीत १०० सीसी ढकलतो, म्हणजे ०.४ ग्रॅम. १५ हर्ट्झला अर्धी फेरी सेकंदाच्या तिसाव्या भागात होते, म्हणून हीटरमधला सरासरी प्रवाह १२ ग्रॅम प्रति सेकंद. ६ मिमीच्या १० नळ्यांत रेनॉल्ड्स क्रमांक (प्रवाह किती घुसळत वाहतो ते सांगणारा) ७ हजाराच्या जवळ, नुसेल्ट (भिंतीतून गॅसला उष्णता किती जोमाने जाते तो अंक) २३-२४, उष्णता वहनांक सुमारे २२५ वॉट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. आतलं क्षेत्रफळ ५६५ चौरस सेंमी. वहनांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की १२.७ वॉट प्रति केल्विन.

आता नळ्या १६ करा. क्षेत्रफळ दीडपटीच्या वर गेलं, पण प्रत्येक नळीतला वेग त्याच प्रमाणात उतरला आणि वहनांक वेगाच्या ०.८ व्या घाताने चालतो. गुणाकार जेमतेम १४ होतो. साठ टक्के नळ्या वाढवून दहा टक्के फायदा! गॅस फार तर ७ अंशांनी गरम होईल. त्याबदल्यात हीटरचा डेड व्हॉल्यूम (पिस्टन पोचत नाही अशी, नुसता गॅस भरलेली जागा) ८५ सीसीवरून १३६ वर जाईल. आहे ती शक्तीसुद्धा त्यात उतरेल.

डेड व्हॉल्यूमची बेरीज तुम्ही केलेली दिसत नाही. हीटर ८५ सीसी. स्टील वूलचे ९० ग्रॅम म्हणजे ११ सीसी लोखंड, उरलेली १०२ सीसी पोकळी. कूलर ६०. एकूण २४७ सीसी. त्यावर दोन्ही स्वेप्ट व्हॉल्यूम धरले तर आकारमान ४४७ आणि ३४७ यांच्यात हलतं, गुणोत्तर १.२९. दाबाची चढउतार इतकी कमी असेल तर पिस्टनला काम काढायला फारसं काही उरत नाही.

एक गोष्ट यातच लपलेली आहे. हीटरमध्ये ८५ सीसी गॅस मावतो आणि एका ढकलण्यात १०० सीसी जातो. म्हणजे नळीतला गॅस जेमतेम एकदा बदलतो. बराचसा गॅस नळीतल्या नळीतच मागेपुढे होत राहतो. एका ढकलण्यात नळीचा व्हॉल्यूम निदान तीनदा धुऊन निघेल असं माप ठेवावं.

आता मुख्य मुद्दा, तुमच्याच नोंदींतून. २ लिटर पाणी ७ अंशांनी तापतंय म्हणजे कूलर जवळपास ९८० वॉट बाहेर टाकतोय. ४५ वॉट मिळवण्यासाठी ९८० वॉट! हीटर उष्णता देण्यात कमी पडतोय असं हा आकडा म्हणत नाही. हीटर देतोय ते बहुतेक सगळं सरळ पाण्यात चाललंय. चोर मधल्या डब्यात, म्हणजे रीजनरेटरमध्ये आहे.

रीजनरेटरमधून गरम टोकाला ०.४ ग्रॅम आणि थंड टोकाला, घनता जास्त असल्याने, ०.७ च्या आसपास गॅस जातो. मधला अंक ०.५ धरा. तापमानाचा फरक ४७० अंश, विशिष्ट उष्णता १.०८. म्हणजे दर अर्ध्या फेरीला २५० ज्यूल, १५ हर्ट्झला पावणेचार किलोवॉट. एवढी उष्णता रीजनरेटरने एका दिशेने जाताना गॅसकडून घ्यायची आणि परतताना जशीच्या तशी द्यायची आहे. हीटर देतो त्याच्या चौपट-पाचपट. परिणामकारकता ९७ टक्के असेल तर गळती ११० वॉट. ८५ टक्के असेल तर साडेपाचशे. तुमच्या ताळेबंदात भोक साधारण साडेपाचशेचंच आहे. भिंत-गॅस यातला ८० अंशांचा फरक आणि १०० अंशांची थंड बाजू ही दोन्ही त्याची लक्षणं. हीटर आणि कूलर तुमच्या चक्राची उष्णता वाहता वाहता रीजनरेटरची गळतीही वाहताहेत.

वजन कमी पडतंय असं नाही. ९० ग्रॅम लोखंडाची उष्णताधारकता आत जाणाऱ्या गॅसच्या ऐंशीपट आहे. वीसपट असली तरी चालतं. अडचण धाग्यांच्या मांडणीत आहे. वूल एकसारखं दाबलं जात नाही, जिथे विरळ तिथून गॅस वाट काढतो आणि बाकीचं लोखंड नुसतं बसून राहतं. कडेला डब्याला चिकटून जाणारी वाट सगळ्यात वाईट. साधं स्टील वूल ५५०-६०० अंशांना दबत आणि तुटत जातं, ते तुकडे पुढे पिस्टनच्या सीलमध्ये जातात. ते काढून टाका.

त्याजागी विणलेली स्टेनलेस जाळी: १०० मेश, म्हणजे इंचाला १०० तारा, तार ०.१ मिमी. तिच्यात पोकळी ६९ टक्के, हायड्रॉलिक व्यास (गॅसच्या वाटेची सरासरी रुंदी) ०.२२ मिमी. ६० मिमी व्यास, ३० मिमी लांबी. एका थराची जाडी ०.२ मिमी, म्हणजे १५० थर. या मापाला:

डेड व्हॉल्यूम ५८ सीसी (आधी १०२)
गळती २.५ टक्क्यांच्या आसपास, सुमारे ९० वॉट
दाबातली घट सरासरी ०.०३ बार, ती पेलायला शाफ्टवरचे १३-१४ वॉट

"मग २०० मेशची ०.०५ मिमी तारेची अजून चांगली" असं कुणीतरी म्हणेलच. त्याच मापात ती घातली तर गळती ९० वरून ३५ वॉटवर येते, पण दाबातली घट तिप्पट होऊन १४ वॉटचे ४०-४५ वॉट होतात. वाचले ते ५५ वॉट उष्णतेचे, गेले ते ३० वॉट शाफ्टचे. उष्णतेचा वॉट स्वस्त, शाफ्टचा महाग. एवढ्या वेगाला नायट्रोजनवर १०० मेश पुरे. जनरल मोटर्सच्या जीपीयू-३ या स्टर्लिंग इंजिनात ०.०४ मिमी तारेचे ३०८ थर आहेत, पण ते इंजिन ४० बारला हेलियम किंवा हायड्रोजनवर चालवायचं आणि त्याला २२.६ मिमी व्यासाचे आठ रीजनरेटर. आकडे तिथून उचलायचे असतील तर गॅस, दाब आणि वेगही तिथलाच हवा.

थंडबाजू

वरच्या हिशेबात एक वाटा वेगळा काढा. रीजनरेटरच्या डब्याची भिंत ३ मिमी आहे. त्या स्टीलच्या कड्याचं क्षेत्रफळ जवळपास ६ चौरस सेंमी, लांबी ४० मिमी, फरक ४७० अंश. नुसत्या भिंतीतून १४० वॉट वाहत जातात. गॅसचा त्यात काही संबंध नाही, इंजिन बंद असलं तरी वाहतात. आता डबा ४० वरून ३० मिमी केला आणि भिंत तीच ठेवली तर हे १९० वर जातील आणि जाळीने कमावलेलं थोडंफार परत जाईल. भिंत १.२ मिमी करा, ३० मिमी लांबीलाही ७०-७५ वॉटवर येतं.

अंदाजाऐवजी मोजायचं असेल तर सोपं आहे. इंजिन थांबवा, बर्नर चालू ठेवून हीटरची भिंत ६५० वर धरा, पाणी मिनिटाला अर्धा लिटर करा म्हणजे फरक वाचता येईल इतका पडेल. तापमानं स्थिर होईपर्यंत थांबा आणि पाण्यातली उष्णता मोजा. येईल ती सगळी वहनाची. ती ९८० मधून वजा करा. डब्याचं गरम टोक वर असू द्या. खाली असलं तर आतला गॅस स्वतःहून फिरायला लागतो आणि आकडा फुगतो.

कूलरविषयी: ४ मिमीच्या ४० नळ्यांचा गुणाकार १२ वॉट प्रति केल्विन येतो. गॅसकडून ८०० वॉट घ्यायचे असतील तर ६५ अंशांचा फरक पडणारच. म्हणून गॅस १०० वर. रीजनरेटर सुधारला की हा बोजा ५०० वॉटच्या आसपास उतरेल आणि काही न करता गॅस ७५ अंशांवर येईल. त्यामुळे कूलर मोठा करू नका, बारीक करा. २ मिमीच्या ६० नळ्या, ८० मिमी लांब. डेड व्हॉल्यूम ६० वरून १५ सीसी, गुणाकार १५, दाबातल्या घटीला ६ वॉट. थंड बाजूचा प्रत्येक अंश गरम बाजूच्या अंशापेक्षा दुपटीने मोलाचा असतो, कारण तापमानांचं गुणोत्तर केल्विनमध्ये मोजायचं असतं. ३७३ चे ३४३ केले तर जे मिळतं ते मिळवायला हीटरमधला गॅस ७५ अंशांनी वाढवावा लागेल.

पाणी खालून आत, वरून बाहेर. वर हवेचा फुगा अडकला तर वरच्या नळ्या कोरड्या राहतात आणि पाण्याचा थर्मामीटर तरीही सगळं ठीक आहे असंच दाखवतो.

बंदचक्र

थांबलेल्या इंजिनाची चाचणी झाली. भिंत ६५० वर, पाणी मिनिटाला अर्धा लिटर, फरक ५.५ अंश, म्हणजे १९० वॉट. ९८० मधून १९० गेले, ७९० उरले, त्यात शाफ्टचे ४५ मिळवले. म्हणजे हीटरमधून गॅसला ८३५ वॉट. जाळीकाम यांच्या १२.७ ने भागलं तर ६६ अंश. मोजलेल्या ८० शी बऱ्यापैकी जुळतंय.

वूल काढून पाहिलं. एका बाजूला निळं-काळं पडलंय, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्यासारखं.

तीन शंका. हीटर आता आहे तसाच ठेवू का? जाळीऐवजी पातळ स्टेनलेस फॉइल गुंडाळून चालेल का? आणि हेलियम भरलं तर यातलं काय बदलेल?

जाळीकाम

एका बाजूचा निळा रंग म्हणजे गॅसची वाट. संशय फिटला.

हीटर: बदला, पण रीजनरेटर आणि कूलर झाल्यावर. ३ मिमी आतल्या व्यासाच्या २० नळ्या, लांबी २०० मिमी. नळ्यांची संख्या गुणिले व्यास तेवढाच राहतो, म्हणून रेनॉल्ड्स तोच, नुसेल्ट तोच, पण व्यास अर्धा झाल्याने वहनांक दुप्पट, ४५०. क्षेत्रफळ ३७७ चौरस सेंमीपर्यंत उतरलं तरी गुणाकार १२.७ वरून १७ वर जातो. डेड व्हॉल्यूम ८५ वरून २८. एका ढकलण्यात साडेतीनदा धुऊन निघतो. किंमत मोजावी लागते ती दाबात: ४ वॉटचे १८ वॉट होतात. नळीतला वेग सरासरी २१ मीटर प्रति सेकंद, कमाल ३३. त्यातली निम्मी घट तोंडाशी आणि वळणांत जाते, तेव्हा नळीची तोंडं आतून गोल करा आणि यू-वळण मोठ्या त्रिज्येचं ठेवा.

बाहेरचं क्षेत्रफळ विसरू नका. ज्योतीकडचा वहनांक ५०-८० असतो, आतल्याच्या मानाने फारच कमी. ५ मिमी बाहेरच्या व्यासाच्या २० नळ्यांना ६२८ चौरस सेंमी मिळतात, तुमच्या आताच्या ७५४ पेक्षा कमी. ज्योतीचा गॅस १२०० अंशांचा असेल तर पुरतं. पंख लावायचेच असतील तर बाहेरून, मागच्या रांगेला. आतून कधीच नाही.

तिन्ही मिळून २८ + ५८ + १५, म्हणजे १०१ सीसी. गुणोत्तर १.२९ वरून १.५ वर. जोडण्या आणि क्लिअरन्सचे १५-२० सीसी वेगळे धरा.

फॉइल: हिशेबात फॉइल जाळीपेक्षा सरस आहे, तेवढ्याच उष्णतेला दाबातली घट कमी. पण हे दोन थरांतली फट सगळीकडे सारखी असेल तरच. ०.१ मिमीची फट कुठे ०.०७ आणि कुठे ०.१३ झाली की फटीच्या घनाच्या प्रमाणात प्रवाह रुंद फटीकडे पळतो. १३ चा घन ७ च्या घनाच्या सहापट. परत तेच वूलचं दुखणं. शिवाय फॉइल गरम टोकापासून थंड टोकापर्यंत अखंड असते, म्हणून उष्णता तिच्यातून वाहते. जाळीत प्रत्येक थर तुटक असतो. त्याच कारणासाठी थर एकमेकांना सिंटर करू नका (तापवून चिकटवू नका), आणि तांब्याची जाळी तर नकोच: वहन वीसपट, ५०० अंशांच्या वर पापुद्रे सुटतात.

हेलियम: त्याच दाबाला घनता सातव्या हिश्श्यावर येते. नळ्यांतली घट खूप उतरते. रेनॉल्ड्स हजाराच्या आत जाऊन प्रवाह लॅमिनर (न घुसळता, थराथराने वाहणारा) होतो, पण हेलियमची वाहकता सहापट असल्याने ३ मिमी नळीत वहनांक जवळपास तेवढाच राहतो. जाळीत घट साधारण ४० टक्क्यांनी कमी होते, त्याहून जास्त नाही, कारण तिथे ओढ बरीचशी चिकटपणाची आहे आणि चिकटपणात हेलियम नायट्रोजनहून फार वेगळा नाही. गळती मात्र १ टक्क्यावर येते. म्हणजे १०० मेशची हीच जाळी हेलियमलाही चालेल, बदलायला नको. आधी नायट्रोजनवर सगळं जमवा. सील हेलियम धरत नसतील तर दाब टिकवण्यातच सगळा वेळ जाईल.

आता जाळी बसवणं, कारण निम्मे रीजनरेटर इथेच बिघडतात.

चकत्या पंचने कापा, कात्रीने नाही. जाळी दोन जाड कागदांमध्ये धरून पंच मारला की कडेच्या तारा सुटत नाहीत. व्यास डब्यापेक्षा ०.२ मिमी जास्त, म्हणजे ६०.२, बोटाने दाबून बसेल इतका. सैल चकती बसवली तर कडेने गॅस जातो आणि १५० थरांची मेहनत फुकट. प्रत्येक चकती आधीच्यापेक्षा थोडी फिरवून ठेवा, नाहीतर तारा एकमेकांत बसून थर पातळ होतात.

बसवण्याआधी चकत्या अॅसिटोनमध्ये, जमल्यास अल्ट्रासॉनिक टाकीत धुवा. सुटलेली एक तार सीलमध्ये गेली की सिलिंडरवर ओरखडा पडलाच.

किती दाबायचं ते वजनावर ठरवा. ३० मिमीत २०० ते २१० ग्रॅम. २४० भरले असतील तर जाळी चेपली गेली, पोकळी ६५ टक्क्यांच्या खाली आली आणि दाबातली घट हिशेबाबाहेर गेली. दोन्ही टोकांना ३० मेशच्या जाड जाळीच्या दोन-दोन चकत्या आणि वर स्प्रिंग रिंग.

नळ्यांच्या तोंडातून ३० मीटरने सुटलेली धार सरळ जाळीवर आदळली तर नळीसमोरचाच भाग काम करतो. नळ्या आणि जाळी यांच्यात ३ मिमी मोकळी जागा सोडा. त्यात ८ सीसी जातात, जाऊ द्या.

नळीजोड

१.२ मिमी भिंतीवर एक शब्द. कमाल दाब १२ बार धरला तर भिंतीत ३० मेगापास्कल ताण येतो. थंड असताना काहीच नाही. पण ६०० अंशांच्या वर स्टेनलेसची परवानगीयोग्य ताकद थंडपणीच्या निम्म्याहून खाली जाते, आणि तिथे प्रश्न क्रीपचा (उष्णतेत ताणाखाली धातू हळूहळू ताणत जाण्याचा) असतो: आज टिकलं म्हणून हजार तासांनी टिकेलच असं नाही. भिंत गरम टोकाला २ मिमी ठेवून मध्यापासून थंड टोकाकडे १.२ पर्यंत निमुळती करा. वहन थोडं वाढेल. साध्या ३०४ पेक्षा ३१६ घ्या.

चाचणी पाण्याने, गॅसने कधीच नाही. १० बार नायट्रोजन भरलेला डबा फुटला तर तुकडे उडतात, पाण्याने भरलेला फुटला तर फक्त गळतो. चाचणीचा दाब नुसता दीडपट धरू नका. थंड आणि गरम ताकदीच्या गुणोत्तरानेही गुणा. १२ × १.५ × २.५, म्हणजे ४५ बारच्या आसपास. हे फक्त गरम डोक्यासाठी (हीटरच्या बाजूच्या भागासाठी), ते क्रँककेसपासून सुटं करून.

हीटरच्या नळ्या टिगने वेल्ड करा किंवा निकेलच्या ब्रेझने (वितळवलेल्या धातूच्या सांध्याने) जोडा. सिल्व्हर ब्रेझ ६२० ते ७०० अंशांना वितळायला लागतो, तो फक्त कूलरच्या बाजूला. २० नळ्या एकाच प्लेटमध्ये वेल्ड करताना समोरासमोरच्या नळ्या आलटूनपालटून घ्या, ओळीने गेलात तर प्लेट वाकेल. वेल्ड आतल्या बाजूला लोंबलं तर ३ मिमीची नळी २.५ ची होते. प्रत्येक नळीतून २.९ मिमीचा ड्रिल शँक आरपार जातो का ते बघूनच डोकं बंद करा.

आणि नायट्रोजन संपला म्हणून कॉम्प्रेसरची हवा भरू नका. दाबाची हवा, तेलाची वाफ आणि ६०० अंशांची नळी एकत्र आली की आतच पेट घेते.

थंडबाजू

क्रमाबद्दल: एका वेळी एकच भाग बदला. आधी रीजनरेटर, मग कूलर, मग हीटर. प्रत्येकानंतर तीच चाचणी: भिंत ६५०, १० बार, ९०० आरपीएम, पाणी २ लिटर. पाण्यातला फरक ७ वरून साडेचारच्या आत आला नाही तर जाळीच्या कडेने गॅस जातोय, डबा पुन्हा उघडा.

दाबातल्या घटीचा अंदाज वेगळा तपासायचा असेल तर इंजिन थंड ठेवून मोटरने फिरवा, एकदा जाळीसह आणि एकदा डबा रिकामा ठेवून. दोन्ही वेळी मोटरची वीज मोजा. १० बारला करू नका, थंड गॅस जवळपास दुप्पट दाट असतो आणि आकडा घाबरवेल इतका येतो. ५ बारला करा, म्हणजे रीजनरेटरमधली घनता चालू इंजिनाच्या जवळ येते. डबा रिकामा केल्यावर डेड व्हॉल्यूमही बदलतो, तेव्हा पाच-सात वॉटचा फरक मनावर घेऊ नका. मोटरची वीज ३० वॉटच्या वर वाढली तर मात्र जाळी चेपलेली आहे, वजन करून बघा.